न मारलेली उडी

सदाने उडी मारली ती एकदाच. पण सांगताना ती दरवेळी थोडी लांब जायची. पहिल्या दिवशी तो ट्रॅक्टरवरून शेजारच्या गवतात पडला होता. आठवड्याभरात गवताच्या जागी बांध आला, आणि पौष संपेस्तोवर सदा बांध ओलांडून, करवंदाच्या जाळीवरून हवेतून पलीकडे गेलेला होता. ऐकणारे माना डोलवायचे. कल्पिता मागच्या पडवीत बोंबील साफ करता करता ते ऐकायची, आणि तिला बोंबलांपेक्षा त्या गोष्टीचाच जास्त वास यायचा.

झालं होतं एवढंच. चौलच्या अंगाला डोंगराच्या उतारावर त्यांची आंब्याची कलमं होती. मोहोर आला की फवारणी आली, आणि पाठीवर पंप घेऊन उतार चढायला आता माणूस मिळत नाही. म्हणून घरात बुटका ट्रॅक्टर आला आणि तो चालवायला गावातला सदा. औषधाची टाकी मागे लावून तो सकाळीच उतार आडवा कापत निघाला. दवाने सुकं गवत निसरडं झालेलं. खालच्या अंगाचं चाक घसरलं आणि ट्रॅक्टर म्हशीसारखा सावकाश कुशीवर गेला. सदा उडाला तो नशिबाने वरच्या अंगाला. दोन दात गेले, मनगट मोडलं, आणि गावाला फुकटचा वीर मिळाला.

आणि गावाने धडा घेतला तो काय, तर ट्रॅक्टर कलंडायला लागला की उडी मारायची. पारावर हेच, सलूनमध्ये हेच. जिगर पाहिजे, वेळ साधता आली पाहिजे.

कल्पिताला म्हसळ्याचा तिचा मावसभाऊ आठवायचा. चिराग. त्यानेही उडी मारली होती. वेळही साधली होती. फक्त माणसाचं अंग ज्या बाजूला झुकतं त्याच बाजूला ते उडतं, आणि यंत्रही त्याच बाजूला येत असतं. चिराग खाली पोचला आणि मागोमाग चाकावरचा पत्रा पोचला. ती मातीला गेली होती तेव्हा त्याच्या आईने तिचा हात धरून विचारलं होतं, उडी तर मारली ना गं त्यानं? मेलेला माणूस पडवीत बसून गोष्ट सांगत नाही, म्हणून जगात फक्त वाचलेल्यांच्याच उड्या शिल्लक राहतात.

खरी चीड होती ती कमानीची. ट्रॅक्टर शोरूममधून आला तेव्हा चालवणाऱ्याच्या पाठीमागे डोक्यापेक्षा उंच अशी जाड लोखंडी कमान होती आणि सीटला पट्टा होता. ट्रॅक्टर पडला तर कमान जमिनीला लागावी, पट्ट्याने माणूस सीटवरच राहावा आणि कमानीच्या आत वाचावा, इतकी साधी गोष्ट. शोरूमच्या माणसाने ती सांगितलीही होती. पण पहिल्याच आठवड्यात ती कमान उतारावरच्या जुन्या पायरी आंब्याच्या फांदीला अडली.

घरातले कर्ते म्हणजे रावजीकाका, कल्पिताच्या नवऱ्याचे, परेशचे सख्खे चुलते. सासरे गेल्यापासून घरातलं पानही त्यांना विचारून हलायचं. त्यांनी फांदीकडे पाहिलं, कमानीकडे पाहिलं आणि निवाडा दिला, "फांदी आंबं देते. ह्यो लोखंड काय देतंय?" कमान उतरली. चार दिवस अंगणात लोळली, आणि मग काकांच्या डोक्यात आलं की हिचा झोपाळा झकास होईल.

नागावच्या किनाऱ्यावरच्या खोल्या भरल्या की उरलेसुरले पाहुणे चौलपर्यंत सांडतात. अशा पाहुण्यांसाठी काकांनी घराच्या बाजूला चार खोल्या काढल्या होत्या. अंगणात सिमेंटच्या ओट्यावर कमान बोल्टांनी पक्की झाली, साखळ्या लागल्या, फळी लागली, वर प्लॅस्टिकची बोगनवेल चढली. पाहुणे येत, झोपाळ्यावर बसत, पाय हवेत सोडून फोटो काढत. कल्पिता त्यांच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता खिडकीतून ते बघायची. चालवणाऱ्याचा जीव अंगणात टांगलाय आणि त्यावर परकी माणसं झोके घेतायत, असं तिला वाटायचं, आणि भाकरी हातातल्या हातात फाटायची.

सदाचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं तेव्हा ती काकांसमोर उभी राहिली. "काका, आता ती कमान परत बसवा. सदाभाऊ वाचले तसं सगल्यांचं व्हनार न्हाय."

काका पान जुळवत होते. "जागा कडक हाय ती. राखन द्यावाची राहिली औंदा, म्हनून झाला ह्यो."

"राखन द्या. पन कमान बी बसवा."

"आन झोपाला? शनवारी पाव्हनं येताव."

सासू, सखुबाई, आतून म्हणाल्या, "कल्पिते, पुरुषांच्या कामात तोंड घालू नको." त्यांनी आयुष्यात हे एक वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते त्यांच्या खोकल्यासारखं आपोआप यायचं.

राखण म्हणजे जागेवाल्याला द्यायचा मान. जागेवाला हा जमिनीचा न दिसणारा मालक. त्याला वर्षातून एकदा कोंबडा, नारळ आणि बाटली दाखवायची, तिथेच चूल मांडून कोंबडा शिजवायचा, पुरुषांनीच खायचा, घरी काही आणायचं नाही. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. कल्पिताचं जागेवाल्याशी काही वाकडं नव्हतं. त्या बिचाऱ्याने कुणाला उतार आडवा कापायला सांगितलं नव्हतं, की कमान काढून झोके घ्यायला सांगितलं नव्हतं. स्वतःच्या आळसाचं माप त्याच्या पदरात घालायचं आणि वर त्याच्याच नावाने कोंबडा हाणायचा, याची तिला किळस यायची.

परेशशी बोलून पाहिलं. तो मनाने वाईट नव्हता. काकांसमोर मात्र त्याचं तोंड शिवलेलं असायचं. सदा जायबंदी झाल्यापासून ट्रॅक्टर त्याच्याच गळ्यात आला होता.

"कमान बसवली तरी पट्टा लावनार का तुमी?" तिने विचारलं.

"येडी का काय तू? पट्टा लावला तं उडी कशी मारू?"

"उडी माराचीच न्हाय. चिरागदादानं मारली तिचं काय झालं ते बघितलं न्हाय का मी?"

"त्याची येल चुकली," परेश म्हणाला. गावात मेलेल्या प्रत्येक माणसाची वेळच चुकलेली असते.

कमान शेवटी उतरली ती माणसाच्या जिवासाठी नव्हेच. शनिवारी पाहुणे आले, त्यांच्यातल्या एका छोट्या मुलीचं बोट झोपाळ्याच्या साखळीत चिमटलं. रक्तही आलं नाही. पण तिची आई फोन हातात घेऊन अंगणभर फिरली आणि म्हणाली, ये डेंजरस है, मैं एक स्टार दूंगी और फोटो भी डालूंगी. रावजीकाकांचा चेहरा उतरला. सदा ट्रॅक्टरखाली जाता जाता राहिला तेव्हा या चेहऱ्यावरची सुपारीसुद्धा हलली नव्हती. एकच तारा मिळणार म्हटल्यावर मात्र घाम फुटला. त्यांनी स्वतः पाना आणला आणि त्या बाईच्या देखत झोपाळा उतरवला. कल्पिता दारात उभी राहून पाहत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला त्या घामाची किळस आली.

पण संधी ती संधी. पाहुणे गेल्यावर तिने परेशला गाठलं. कमान आता रिकामीच आहे, नवा झोपाळा येईल तेव्हा येईल, तोवर बसवा. मूळचे बोल्ट केव्हाच फाटकाच्या बिजागऱ्यांना गेले होते. सदा म्हणाला, तारेनं आवलून टाक, काय व्हतंय. कल्पिताने त्याच्याकडे असं पाहिलं की तो प्लास्टरचा हात खाजवत निघून गेला. ती स्वतः अलिबागला जाऊन ट्रॅक्टरच्या दुकानातून योग्य ते बोल्ट घेऊन आली. परेशने ते बसवले. "तुज्या तोंडाला कुलूप म्हनून बसवतंय," तो म्हणाला. ती म्हणाली, "बसवा. कुलूप तं कुलूप."

पट्टा शोधायला मात्र तिलाच हात घालावा लागला. घरच्या कोंबड्या संध्याकाळी ट्रॅक्टरच्या सीटवर बसायच्या आणि त्यांच्यातला तांबडा कोंबडा तर स्टिअरिंगवरच. वर्षभराची घाण सीटखाली थरावर थर साचलेली. पट्टा त्यात रुतून चामड्यासारखा कडक झालेला. तिने नाकाला पदर लावला, खराट्याने खरवडलं, साबणाच्या पाण्यात पट्टा भिजवला, ब्रशने घासला. काळं, हिरवं, पिवळं पाणी निघत राहिलं. माणसाला वाचवायची वस्तू, आणि ठेवली कुठे, तर कोंबड्यांच्या बुडाखाली. घासता घासता तिला रडूही आलं आणि शिव्याही आल्या. शिव्या जरा जास्तच.

पट्टा निघाला धडधाकट. कुठे विरला नव्हता. बकल मात्र आतून गंजलेलं होतं. तिने ते लावून पाहिलं, खटकन बसलं. उघडायला गेली तर बटण दाबलंच जाईना. दोन्ही अंगठे लावले, दगडाने ठोकलं. शेवटी स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून पिरगळला तेव्हा सुटलं. तिने तेल सोडावं म्हणून बाटली उचलली, आणि परत ठेवून दिली. कितीतरी वेळ ती त्या बकलाकडे बघत उकिडवी बसून राहिली. हे बरोबर नव्हतं, तिला कळत होतं. लावलेलं बकल माणसाला सोडवता आलं पाहिजे. पण तिला नवराही कळत होता. अंगणातून निघताना तो तिच्या समाधानासाठी पट्टा लावणार, आणि वळणापलीकडे गेला की काढून टाकणार. तिने तेल लावलं नाही. स्क्रू ड्रायव्हर मात्र आपल्याजवळ ठेवला.

राहिली होती फांदी. आता कमान परत अडणार. "काका, पायरीची ती खालची एक फांदी तोडूया," ती म्हणाली.

"मोहोर आलाय तिला," काका म्हणाले. "मोहराची फांदी तोडतं का कोनी? बाजूनं काढंल परेश गाडी." विषय संपला.

राखणेच्या दिवशी सकाळी अंगणात लग्नाची वरात निघावी तशी धांदल. टोप, लाकडं, मसाल्याचं वाटण, बाटल्या. वर पाणी नव्हतं, म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजारं उचलायच्या लिफ्टवर फळी टाकून त्यावर पाण्याचं मोठं पिंप चढवलं आणि लिफ्ट उंच उचलली, फळी दगडांना घासू नये म्हणून. पिंप अर्धंच भरलेलं. पाणी आत हिंदकळत होतं. कल्पिता म्हणाली, "वजन खाली ठेवा, एवढ्या उंचावर नको." कुणी ऐकलं नाही. तांबडा कोंबडा काकांच्या काखेत होता. काका परेशच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसले, जिथे माणसाने बसायचं नसतं आणि जिथे या गावात प्रत्येक मोठा माणूस बसतो. काकांचा मुलगा निकेत, सदा आणि बाकीचे पायी निघाले. निकेतला नोकरी नव्हती, ट्रॅक्टर शिकायची हौस मात्र दांडगी.

"पट्टा," कल्पिता म्हणाली.

सगळे हसले. परेशने कान लाल करून पट्टा कमरेवर ओढला. खटकन आवाज झाला. तिने फक्त तो आवाज ऐकला आणि बाजूला झाली.

बायकांनी जायचं नाही, म्हणून ती लाकडं आणायच्या निमित्ताने चिऱ्याच्या जुन्या खाणीच्या बाजूने चढली. वळणापलीकडे परेश बकलाशी झटताना तिला दिसला. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हाताचा अंगठा दाबतोय, दाबतोय. काका काहीतरी बोलून हसत होते. मग पायरीचं झाड आलं. कमान अडली असती, म्हणून त्याने ट्रॅक्टर झाडाच्या खालच्या अंगाने, उतार आडवा कापत घातला. तिथे नव्या कलमांसाठी खणलेले खड्डे गवताने झाकलेले होते.

वरचं चाक दगडावर चढलं. खालचं खड्ड्यात गेलं. पिंपातलं पाणी सगळं एका बाजूला धावलं आणि उंच टांगलेल्या त्या वजनाने ट्रॅक्टरला खाली ओढलं. काका वरच्या अंगाला बसले होते. ते मागच्या मागे पोत्यासारखे गवतात गळले आणि कोंबडा ओरडत उडाला. परेशचे दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटलेले तिने पाहिले. तो उठला. उडी मारायला तो सीटवरून अर्धवट उठला, खालच्या अंगाला, चिराग जिथे उडाला असेल तिथेच. पट्ट्याने त्याला खाली खेचलं. तो परत उठला, परत खेचला गेला. मग कमान जमिनीत घुसली. सगळा डोंगर हादरल्यासारखा आवाज झाला आणि ट्रॅक्टर आडवा पडून तिथेच थांबला.

ती कशी पोचली ते तिला आठवत नाही. चाकं फिरत होती, डिझेल टपकत होतं. तिने आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं. परेश कमानीच्या आत, सीटवर आडवा लोंबकळत होता. डोळे उघडे, ओठ पांढरे. ज्या गवतावर तो उडणार होता, त्या गवतावर आता चाकावरचा पत्रा जमिनीत वीतभर रुतला होता. तिने कमरेला खोचलेला स्क्रू ड्रायव्हर काढला, बकलात घातला आणि पिरगळला. तो तिच्या अंगावर पडला.

"ह्यो कुठून आनलास?" त्याने स्क्रू ड्रायव्हरकडे बघत विचारलं. तेवढ्यात बाकीचे पोचले, आणि तिने तो परत कमरेला खोचला.

रेवदंड्याच्या रस्त्याचं काम चालू होतं, तिथला जेसीबी आणून दुपारी ट्रॅक्टर उभा केला आणि संध्याकाळपर्यंत तो अंगणात आणून लावला. डॉक्टरने परेशला तपासून सोडलं. हाडं शाबूत, मुका मार. काकांचं कोपर खरचटलं होतं. आणि अंधार पडायच्या आत अंगणात गर्दी जमली, चहा झाला, आणि कल्पिताच्या डोळ्यांदेखत गोष्ट घडायला लागली.

आधी काकांनी उडी मारली. "पिंप हललं तसं मी वलखलं. मारली उडी." पोत्यासारखा गळलेला माणूस सगळ्यांसमोर पत्र्यावरून झेपावला, आणि कुणाला हसू आलं नाही. मग कोंबड्याचा विषय निघाला. राखण तर दिलीच गेली नव्हती, कोंबडा रानात पळाला होता. सदा म्हणाला, "दिली न्हाय कशी? जागेवाल्यानं आपल्या हातानं नेला. म्हनून तं वाचलं दोघं." माना डोलल्या. सखुबाईंनी हात जोडले.

नेमका तेव्हा तांबडा कोंबडा कुंपणातून आत आला. शेपटीची दोन पिसं गेलेली, बाकी ऐटीत. सगळ्यांच्या मधून चालत गेला आणि रोजच्या सवयीने उडून ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बसला. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. कल्पिताला वाटलं, आता तरी.

"परसन्न झाला," काका म्हणाले. "मान पोचला, कोंबडा परत धाडला."

ती आत गेली आणि चुलीजवळच्या भिंतीला टेकून उभी राहिली. बाहेर काकांचा आवाज चालूच होता. "खरं म्हनशाल तं त्या कमानीनंच घात केला. कमान नसती तं गाडी फांदीखालून सरल गेली असती. बायकांच्या हट्टानं झाला ह्यो." यात खोटं एवढंच होतं की अर्धं खरं होतं. फांदी चुकवायलाच तो आडवा गेला होता. फांदी तोडू नका म्हणणारं तोंड कुणाचं, तेवढं मात्र काका विसरले होते. "परेश पडून राहील चार दिस. फवारनी थांबवता येनार न्हाय. सोमवारी निकेत गाडी घेऊन जाईल. कमान उतरवा. वाकली हाय, पन ठोकून सरल व्हईल, झोपाल्याला चालंल. पाव्हन्यांना गोष्ट बी सांगता येईल."

निकेत खूष झाला. तो परेशच्या खाटेजवळ सरकला. "दादा, तू कवा उडी मारलीस? चाक उचललं तवा, का त्याच्या आधी?"

कल्पिता चहाची किटली घेऊन दारात आली होती. परेशने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग काकांकडे, सदाकडे, त्या सगळ्या मिशांकडे पाहिलं. पट्ट्यात अडकलो, बकल उघडेना, म्हणून राहिलो, हे त्या अंगणात सांगणं म्हणजे नागवं होणं. तो घसा खाकरत म्हणाला, "चाक उचललं ना, तवाच. इचार नाय कराचा. उडी माराची, बस."

निकेतने मान हलवली. तो ते मनात घोकत होता, हे कल्पिताला दिसलं. सोमवारी उतारावर, कमान नसलेल्या ट्रॅक्टरवर, तो हेच घोकत बसणार होता. हा पोरगा रोज सगळ्यांच्या आधी तिच्या चुलीपुढच्या पाटावर येऊन बसायचा.

तिने किटली खाली ठेवली. सगळ्यांच्या मधून चालत खाटेजवळ गेली आणि दोन्ही हातांनी परेशचा सदरा धरून छातीपर्यंत वर केला.

"अगं," सखुबाई म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांना सुचलं नाही.

परेशच्या ओटीपोटावरून, एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, चार बोटं रुंद असा काळानिळा पट्टा उमटला होता. कडेला पट्ट्याची वीण जशीच्या तशी दिसत होती. परेशने सदरा खाली ओढायला हात नेला, आणि मग का कोण जाणे, हात तसाच बाजूला पडू दिला.

"उडी मारलेल्या मानसाला ह्यो वल कुठून उठला, सांगा," कल्पिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दोनदा उठलं हे सीटवरनं. दोनदा पट्ट्यानं खाली बसवलं. मी बघितलं. बकल उघडत न्हाय ते मना ठाव होतं, तरी मी सांगितलं न्हाय, तं मना काय बोलाचं ते बोला. पन जिथं हे उडनार होतं तिथं पत्रा रुतलाय. खड्डा अजून हाय तिथं, जा आन हात घालून बघा." ती काकांकडे वळली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तिने तो सावरला नाही. "मना किलस आली तुमची सगल्यांची. एका मानसानं खरं सांगितलं न्हाय. ह्येंनी बी न्हाय. काका, सोमवारी जानारा पोर तुमचा हाय. त्याला तरी खोटी उडी शिकवू नका."

सदाने प्लास्टरचा हात मांडीवरून उचलला आणि परत ठेवला. काकांच्या तोंडातलं पान चावायचं थांबलं होतं. ते परेशच्या पोटाकडे बघत होते आणि मग निकेतच्या पोटाकडे, जिथे शर्टाखाली अजून काही नव्हतं.

निकेतने बोट पुढे केलं आणि त्या वळाच्या कडेला हळूच टेकवलं. परेश कळवळला.

"दादा," निकेत म्हणाला, "तू उडी मारलीसच न्हाय?"

परेशने डोळे मिटले. "न्हाय," तो म्हणाला. "मारता आली न्हाय. आली असती तं आता तुमी चहा पीत बसला नसता."

निकेत उठला. त्याने ट्रॅक्टरवरच्या कोंबड्याला हुसकावलं, सीटवरचा पट्टा उचलून बकल उलटसुलट करून पाहिलं आणि वाकलेल्या कमानीवरून हात फिरवला.

"वैनी, ही ठोकून चालंल?"

"न्हाय. एकदा पडली की तिचं काम झालं. नवी आनाची. बकल बी नवा." ती किंचित थांबली. "उघडनारा."

त्याने मान हलवली. मग बापाकडे न बघताच पडवीत गेला, भिंतीला टांगलेली करवत उतरवली आणि पात्यावरची धूळ शर्टाने पुसली.

"बा," तो म्हणाला, "पायरीची कुठली फांदी ती?"

रावजीकाकांनी पान थुंकलं आणि अंगणाच्या कडेला उभे राहून, काळोखात बुडत चाललेल्या उताराकडे हात केला. "खालची," ते म्हणाले. "सकाली दावतंय."